बडोद्यातल्या एका कॅफेच्या भिंतीवरचा तो झेंडा

दांडियाबाजारची_सून

नमस्कार मंडळी. चार दिवस झाले, डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतेय. लिखाण लांबलंय, सांभाळून घ्या.

आमच्या शेजारी एक काकू राहतात. वय ७८. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू. माहेर अलिबागकडचं. यजमान रेल्वेत होते, त्यांच्याबरोबर बडोद्याला आल्या आणि इथल्याच झाल्या. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध, खंडेराव मार्केटात भाजीवाल्याशी गुजराती अस्सल. त्यांच्या दाराच्या चौकटीला उजव्या अंगाला मेझुझा आहे, तिरकी बसवलेली बोटभर नळी, आत धर्मवचनांची गुंडाळी. माझ्या दारात रोजची रांगोळी. तीस वर्षांचा शेजार आहे.

रविवारी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डोळ्यांत थेंब घातलेले, त्यामुळे तास-दोन तास सगळं धूसर. येताना म्हणाल्या, जरा चहा घेऊ या. नवीन कॅफे उघडलंय तिथे शिरलो (नाव आणि भाग मुद्दाम लिहीत नाही). काउंटरच्या मागची अख्खी भिंत लाल कापडाने झाकलेली, मधोमध पांढरा गोल, गोलात काळं तिरकं चिन्ह. बाजूला हिटलरचा फोटो आणि शिस्तीबद्दल काहीतरी इंग्रजी वाक्य.

मी त्यांना मेनूकार्ड वाचून दाखवायला लागले, कारण त्यांना अक्षर दिसत नव्हतं. पण ती भिंत दिसली. लाल, पांढरं, काळं एवढंच दिसलं असणार, तेवढं पुरलं. माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "चहा घरीच घेऊ गं."

रिक्षात एक शब्द नाही. घरी आल्यावर चहा झाला, मग बोलल्या. त्यांची मुलगी इस्राएलला आहे. तिच्या बाळंतपणाला त्या गेल्या होत्या, पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. जावयाची आजी पोलंडची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, म्हणून स्वयंपाकघरात नुसत्या शेजारी बसून काम करायच्या. एकदा बटाटे सोलताना म्हातारीने बाह्या वर सारल्या, तर डाव्या हातावर, कोपराच्या खाली, निळसर आकडे. आऊशवित्स या नाझींच्या छळछावणीत गोंदलेले. काकूंची नजर गेली हे तिला कळलं. तिने बाही खाली केली नाही, हातातला बटाटा तेवढा पुरा सोलला. घरातली ती एकटीच वाचली होती.

हे सांगून काकू म्हणाल्या, "तुझ्या रांगोळीतल्या स्वस्तिकावर तीस वर्षांत माझा पाय पडला नाही. वळसा घालूनच जाते ना मी? ते मला कधी टोचलं नाही. हे टोचतं."

मी काय करू? जाऊन बोलू? की एवढ्या मोठ्या गावात एक भिंत म्हणून सोडून देऊ? वीस वर्षांची मुलं तिथे त्या भिंतीपुढे उभी राहून फोटो काढत होती, हे तर मला जास्तच लागलं.

रावपुरेकर

ताई, वाचून वाईट वाटलं. काकूंना माझा नमस्कार सांगा.

पण एक बाजू मांडतो. त्या कॅफेवाल्या पोराच्या मनात द्वेष असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे हिटलर हा शब्द कडक माणसासाठी वापरतात. माझ्या शाळेतल्या पीटीच्या सरांना सगळे हिटलरच म्हणायचे, आणि सरांनाही ते आवडायचं. शाळेत महायुद्ध एका धड्यात संपतं. स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर त्याचं आत्मचरित्र यशस्वी माणसांच्या चरित्रांच्या रांगेत मांडलेलं असतं. मग पोराला वाटलं, हा पण एक मोठा माणूस.

दुसरं, स्वस्तिक आपलं आहे. हजारो वर्षांचं. युरोपात कोणी ते चोरून वापरलं म्हणून आपण आपल्याच देशात कोणाला समजावत बसायचं, हे मला पटत नाही. आज तो झेंडा काढा म्हणाल, उद्या कोणी म्हणेल दारावरचं शुभ-लाभ आणि स्वस्तिक पुसा.

जुनं_बडोदं

@रावपुरेकर, शेवटचा मुद्दा उलटा आहे हो. स्वस्तिकाची काळजी असेल तर तो झेंडा आधी आपणच उतरवायला हवा.

आपण काय काढतो ते बघा. दिवाळीत वहीपूजनाला पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक. कलशावर, उंबऱ्यावर, नव्या गाडीच्या बॉनेटवर. शेजारच्या गुजराती घरी तोच साथियो. जैनांच्या देरासरात तांदळाचा, वर तीन टिंबं आणि चंद्रकोर, चार बाजू म्हणजे जिवाच्या चार गती. आपलं स्वस्तिक पायावर सरळ बसलेलं असतं, चार घरांत चार ठिपके असतात, आणि ते बोटाने काढलेलं असतं.

हिटलरने त्याच्या चिन्हाला स्वस्तिक म्हटलंच नव्हतं. त्याचा शब्द हाकेनक्रॉइत्स, म्हणजे हुकासारख्या वाकलेल्या टोकांचा क्रूस. इंग्रजीत त्याचं स्वस्तिक झालं आणि आपलं नाव त्याला चिकटलं. १९२० मध्ये नाझी पक्षाच्या झेंड्यावर आलं, लाल कापड, पांढरा गोल, काळं चिन्ह ४५ अंशांत कलतं. १५ सप्टेंबर १९३५ ला तोच देशाचा एकमेव झेंडा झाला. त्याच दिवशी न्यूर्नबर्गचे कायदे झाले, ज्यूंचं नागरिकत्व गेलं, आणि ज्यूंनी हा झेंडा लावायचा नाही असंही कायद्यात लिहिलं. पुढे साठ लाख ज्यू मारले गेले.

एक गैरसमजही दूर करतो, कारण तो व्हॉट्सअॅपवर फार फिरतो. "त्यांचं उलटं होतं, आपलं सुलटं" असं नाही. वळण बहुतेक वेळा एकच, उजवीकडचं. त्यामुळे दिशेवरून वाद घालून काही हाती लागत नाही. वेगळं आहे ते रंग, गोल, तिरकेपणा आणि कोणत्या हेतूने लावलंय ते. त्या कॅफेच्या भिंतीवर आपलं काही नाही. तो १९३५ चा झेंडा आहे.

मांडवीचा_मुलगा

+१. हे वळणाचं मला आज कळलं. मी कॉलेजात लोकांना उलटंच सांगत होतो.

विश्वामित्री_काठ

थोडं कडवट लिहितोय, राग मानू नका.

साठ लाख ज्यूंचं दुःख जगाने मानलं, ते मानायलाच हवं. पण १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात तीस लाखांपर्यंत माणसं गेली असं इतिहासकार सांगतात. तेव्हा ब्रिटनचा पंतप्रधान असलेल्या चर्चिलचा पुतळा लंडनला संसदेसमोर उभा आहे. बंगाली माणूस तिथून जाताना त्याला काय वाटत असेल, हे कोणी विचारतं का? आमच्या जखमा कोणाला दिसत नाहीत, मग त्यांच्या जखमांसाठी बडोद्यातल्या एका पोराने भिंत का बदलायची? माझे आजोबा कलकत्त्याला नोकरीला होते. फुटपाथवर पडलेली माणसं ते शेवटपर्यंत विसरले नाहीत. घरात भात उरलेला त्यांना चालायचा नाही.

दांडियाबाजारची_सून

@विश्वामित्री_काठ, राग कसला. आजोबांचं वाचून गलबललं.

पण दादा, तुम्हाला चर्चिलचा पुतळा टोचतो, तोही तुम्ही स्वतः काही न भोगता, फक्त आजोबांनी पाहिलं म्हणून. काकूंचंही तसंच आहे ना? त्यांनी फक्त एक हात पाहिलाय. आणि "त्यांची" जखम म्हणालात. ज्यांना टोचलं त्या नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या माणसांच्या वंशातल्या आहेत. सात पुरुष, सात बायका फुटलेल्या जहाजातून वाचून कोकणात राहिले अशी त्यांच्यात कथा सांगतात. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. आडनावं सगळी गावांवरून, आपल्यासारखीच शेवटी "-कर" लावलेली. कोकणात त्यांना कोणी त्यांच्या धर्मावरून छळलं नाही, हे काकू फार अभिमानाने सांगतात. त्या रविवारी मला त्या अभिमानाची लाज राखता आली नाही, असं वाटत राहिलं.

नेकारकाठ

मूळची बडोद्यातल्या वाडीची, आता बारा वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टला.

इथे ते चिन्ह जाहीरपणे लावणं गुन्हा आहे. दंडसंहितेचं कलम ८६अ. शिक्षण, संशोधन, कला यासाठी सूट आहे, म्हणजे संग्रहालयात ते दिसतं, इतिहासाच्या पुस्तकात दिसतं. इतिहास लपवलेला नाही. उलट, चालताना पायाखाली येतो. फुटपाथमध्ये दहा सेंटिमीटरच्या चौकोनी पितळी पट्ट्या बसवलेल्या असतात, त्या त्या घरासमोर. वर कोरलेलं असतं, "इथे राहत होते", मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. एका कलाकाराने १९९२ मध्ये कोलोनला सुरुवात केली, २०२३ मध्ये युरोपभर मिळून एक लाखावी बसली. आमच्या इमारतीसमोर तीन आहेत. एकीवरचं वय मोजलं तर चार वर्षं. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांचीच होती. ती पट्टीवर पाय न देता उडी मारून जाते. तुमच्या काकूंचं रांगोळीला वळसा घालणं वाचलं आणि तेच डोळ्यांसमोर आलं.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. नव्या घरात गृहप्रवेशाला आईने हौसेने दाराबाहेर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. आई बडोद्याहून आलेली, तिला काय माहीत. संध्याकाळी समोरच्या आजोबांनी बेल वाजवली. भांडले नाहीत. चेहरा पडलेला होता, एवढंच विचारलं की हे काय आहे. मी समजावलं, लक्ष्मी, गणपती, शुभ काम. त्यांनी ऐकून घेतलं. आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "त्यांच्या घरातलं कोणी गेलंय का त्यात?" मी म्हटलं माहीत नाही. तिने ओल्या फडक्याने दाराबाहेरचं पुसलं आणि आत देवघरात काढलं. म्हणाली, "शुभ म्हणून काढलं, त्याने कोणाचा जीव धसकला तर ते शुभ कसं होईल?"

मी तेव्हा तिच्यावर चिडले होते, आपण का माघार घ्यायची म्हणून. म्हणजे @रावपुरेकर, तुमचं दुखणं मला कळतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये नाझी चिन्हावर बंदी घातली तेव्हा हिंदू, बौद्ध, जैनांच्या स्वस्तिकाला स्पष्ट सूट दिली. कॅलिफोर्नियानेही त्याच वर्षी कायद्यात नाझी हाकेनक्रॉइत्स असा शब्द घातला. तिथल्या आपल्या लोकांनी वर्षानुवर्षं समजावून सांगितलं, हे वेगळं आहे, ते वेगळं आहे. आणि बडोद्यातल्या एखाद्या कॅफेत तोच झेंडा शिस्तीचा म्हणून लागतो. त्याचा फोटो फिरत इकडे आला तर आम्ही कोणत्या तोंडाने समजावणार?

कमाटीबाग_रोज_सकाळी

बडोद्यासंबंधी एक गोष्ट इथे यायलाच हवी. लहानपणी आपण सगळे कमाटीबागेतल्या संग्रहालयात गेलोय. मम्मी आणि व्हेल माशाचा सांगाडा, याच्यापलीकडे आठवत नाही कोणाला. पण त्या संग्रहालयाचा कारभार १९३४ पासून पाच वर्षं कोणाकडे होता? अर्न्स्ट कोन-वीनर. बर्लिनचे कलेतिहासाचे अभ्यासक, ज्यू. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर त्यांचं जर्मनीतलं काम गेलं. देश सोडला, आधी इंग्लंड, मग इथे. सयाजीराव महाराजांनी संग्रहालय त्यांच्या हाती दिलं. १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले, १९४१ मध्ये न्यूयॉर्कला वारले. त्यांच्यामागून हर्मान गोट्झ आले, तेही जर्मन, त्यांनी संग्रहालयाची आणि चित्रवीथीची नव्याने मांडणी केली.

म्हणजे ज्या झेंड्याने ज्या माणसाला घराबाहेर काढलं, त्याला आपल्या गावाने बागेतली सगळ्यात देखणी इमारत सोपवली. आणि आज त्याच गावात तो झेंडा चहा विकायला लागलाय. मी हे वाचल्यापासून दोनदा संग्रहालयाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो.

रावपुरेकर

हे मला माहीत नव्हतं. पण महाराज १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकलाही गेले होते ना? हॉकीच्या अंतिम सामन्याला हजर होते असं वाचलंय.

कमाटीबाग_रोज_सकाळी

होते. १५ ऑगस्ट १९३६, आपण जर्मनीला ८-१ ने हरवलं, ध्यानचंद कप्तान. सामन्याआधी आपल्या खेळाडूंनी खोलीत काँग्रेसच्या तिरंग्याला वंदन केलं होतं, कारण मैदानात तो लावायची सोय नव्हती. आणि उद्घाटनाच्या संचलनात हिटलरसमोरून जाताना आपल्या पथकाने तो हात पुढे करायचा सलाम केला नाही. गुलाम देशाची पोरं होती ती.

हिटलर आपल्याबद्दल काय म्हणायचा तेही पोरांना सांगा. नोव्हेंबर १९३७ मध्ये ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स त्याला भेटायला गेले, तेव्हा त्याने सल्ला दिला की गांधींना गोळी घाला, तेवढ्याने भागलं नाही तर काँग्रेसचे डझनभर पुढारी, तरीही नाही तर दोनशे. त्या माणसाचा फोटो गुजरातेत लावायचा?

नेकारकाठ

अवांतर, पण राहवत नाही. आर्य वगैरे ऐकून आपल्याकडच्या काहींना बरं वाटतं म्हणून लिहिते. त्याच छावण्यांत रोमा लोकही मारले गेले, काही लाख. हे रोमा मुळात हिंदुस्थानातून गेलेले. त्यांच्या भाषेत पाण्याला पानी, कानाला कान, पाचला पांज. इथल्या बाजारात एका रोमा बाईने नातवाला "पानी" म्हणून बाटली दिली तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं.

निळी_पहाट

बरेच दिवस नुसता वाचक आहे. कमाटीबागेचं नाव निघालं म्हणून लिहितोय.

तुम्ही संग्रहालयाच्या पायऱ्यांवर बसलात. आम्ही त्याच बागेत वडाखाली जाऊन बसतो. सप्टेंबर १९१७. सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीला आले. राहायला जागा कोणी देईना. जात लपवून पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसं दारात आली. त्यांनी संध्याकाळपर्यंत वेळ दिला. मित्रांकडे विचारलं, सोय झाली नाही. मग ते बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात.

ज्या राजाने शिकवलं, त्याच्याच राजधानीत घर मिळालं नाही. म्हणून आपलं गाव आधीपासून फार उदार होतं, एवढंच सांगून थांबू नका. दोन्ही सांगा.

आणि "त्यात काय एवढं" हे वाक्य आम्ही फार ऐकलंय. आमच्या गावी पाण्याचा माठ वेगळा असायचा, त्यावर खडूने एक खूण होती. मास्तर म्हणायचे, नुसती खूण तर आहे. माझे वडील आज ७४ वर्षांचे आहेत. कुठल्याही ऑफिसात गेले तरी माठाकडे बघतात, मग पाणी नको म्हणतात. खूण करणाऱ्याला ती दुसऱ्या दिवशी आठवत नाही. त्यामुळे टोचतं की नाही हे ज्याने भिंत रंगवली त्याला विचारून काय कळणार? काकूंना विचारा.

ताई, तुम्ही जा आणि त्या मुलाशी बोला. गर्दी घेऊन जाऊ नका. व्हिडिओ काढू नका.

विश्वामित्री_काठ

@निळी_पहाट, तुमच्या वडिलांबद्दल वाचून मी माझा वरचा प्रतिसाद परत वाचला. चर्चिलबद्दलचं मत बदललं नाही. पण "त्यांची जखम" हे मी लिहायला नको होतं, ते मागे घेतो. ताई, एकट्या जायला बरं वाटत नसेल तर मी येतो बरोबर, बाहेर थांबेन.

मांडवीचा_मुलगा

२०१२ मध्ये अहमदाबादला कपड्यांच्या एका दुकानाचं नावच हिटलर ठेवलं होतं, पाटीवर तेच चिन्ह. तिथल्या ज्यू लोकांना फार लागलं, गाजलं, शेवटी नाव बदललं. म्हणजे बोललं तर ऐकतात.

दांडियाबाजारची_सून

मंडळी, जाऊन आले. उशिरा लिहितेय, कारण नीट लिहायचं होतं.

दुपारी तीनला गेले, गर्दी नसते तेव्हा. मालक चोवीस-पंचवीसचा मुलगा, आई-वडिलांच्या पैशांवर उघडलंय. मी आधी चहा मागवला. मग सांगितलं, काकूंचं नाव न घेता. डोळ्यांतले थेंब, बटाटे, आकडे, सगळं. त्याला ते आकडे म्हणजे काय ते माहीत नव्हतं. छावणीत माणसाचं नाव काढून घेऊन हातावर नंबर गोंदत, हे सांगितल्यावर तो स्वतःच्या हातावरच्या टॅटूकडे बघत राहिला, त्याच्या आजीचं नाव आहे तिथे, गुजरातीत.

लगेच काही मानलं नाही त्याने. म्हणाला, मावशी, आतली सजावट करणाऱ्याने सुचवलं, थीम आहे, पैसे गेलेत, लोक फोटो काढतात. मी कोन-वीनरांचं सांगितलं. तो लहानपणी दर रविवारी त्या संग्रहालयात जायचा म्हणे. मग म्हणाला, दोन दिवस द्या. मी म्हटलं, बेटा, मी कोण देणारी, तुझी भिंत आहे.

दोन दिवसांनी फोन आला. कापड उतरवलंय, फोटो अजून आहे, त्याच्या जागी लावायला काही मिळालं की काढतो. म्हटलं, रिकामी राहिली तरी चालेल. दुसऱ्या दिवशी फोटोही काढला.

आज काकूंना घेऊन गेले. त्या स्वतः म्हणाल्या चल. भिंतीवर चार खिळे आणि कापडामुळे उजळ राहिलेला मोठा चौकोन आहे, बाकी भिंतीवर धूर आणि धूळ बसलेली. काकू त्याच्याकडेच तोंड करून बसल्या. त्या मुलाने चहा स्वतः आणून ठेवला, बशीत सांडला थोडा. मग जरा घुटमळून मला विचारलं, हळू, पण काकूंना ऐकू गेलं. "मावशी, गल्ल्यावर पण साथियो आहे, उद्घाटनाला काढलेला. तो पण पुसू का?"

काकू उठल्या. काउंटरजवळ जाऊन वाकून पाहिलं. आता डोळे स्वच्छ आहेत त्यांचे. कुंकू वाळून तपकिरी झालेलं, एक बाजू जरा लांब, चार ठिपके.

"कोणी काढलाय?"

"मम्मीने."

"मग पुसतोस कशाला? राहू दे. चहात आलं जास्त घाल जरा."